झाकलेला आकडा

आरोग्य खात्याचा कोणताही नकाशा लोकांसमोर जाण्याआधी तो एकदा सासऱ्यांच्या हातून जायचा, हा सुनेचा स्वतःचा नियम होता. खात्यात असा नियम नव्हता. पण सासऱ्यांचा सगळा जन्म सरकारी हिशेबतपासनीस म्हणून गेला होता. ते निवृत्त झाले तरी त्यांची नजर निवृत्त झाली नव्हती. घरातले सगळे त्यांना मागे, आणि अधूनमधून तोंडावरही, ‘ऑडिटर’ म्हणत. दुकानाच्या पावतीत एखादी चूक सापडली की त्या दिवशी त्यांना जेवण जास्त गोड लागायचं.

सून खात्यात आकडेवारीचं काम बघायची. यंदा आरोग्यसेविका घरोघर गेल्या होत्या, म्हाताऱ्या माणसांशी बसून बोलल्या होत्या, आणि त्या सगळ्या उत्तरांचा तिनं नकाशा केला होता. फोनवर उघडणारा, बोटानं चालणारा नकाशा. प्रश्न निवडायचा, वय निवडायचं, बायका की पुरुष ते निवडायचं, की प्रत्येक गल्लीवरचं वर्तुळ फुगायचं नाहीतर आकसायचं. वर्तुळावर बोट ठेवलं की आकडा. नावं अर्थातच कुठे नव्हती. एखाद्या गल्लीत पाचपेक्षा कमी माणसं निघाली तर आकडाही दिसत नसे. त्या जागी नुसती करडी चौकट यायची. मंगळवारी सभागृहात लोकांना बोलावून नकाशा उघडायचा होता.

रविवारी जेवणं झाल्यावर तिनं टॅबलेट सासऱ्यांच्या हातात दिला.

“दिलास?” सोफ्यावर आडवा झालेला नवरा म्हणाला. “आता संध्याकाळपर्यंत तुझी सुटका नाही. मागच्या वेळी हिरव्यातला पोपटी कुठला आणि गवती कुठला, यावर मी तासभर साक्ष दिली होती.”

“आणि शेवटी तिला रंग बदलावा लागला की नाही?” सासऱ्यांनी चष्मा बदलला. “तू झोप. तुझं मत मागवलेलं नाही.”

ते नकाशात शिरले. मधुमेह पाहिला, धाप लागणं पाहिलं, मोतीबिंदू पाहिला. सून समोरच बसून कपड्यांच्या घड्या घालत होती, पण तिचं लक्ष त्यांच्या बोटाकडे होतं. तिला आज चूक सापडण्याची धास्ती नव्हती. उलट एक प्रश्न त्यांना कसा वाटतो ते तिला बघायचं होतं. तो तिनंच हट्टानं पाहणीत घातला होता. गेल्या वर्षभरात घरात पडलात का, आणि पडलात तर घरच्यांना सांगितलंत का?

सासरे तिथे पोचले. पंचाहत्तरच्या पुढच्या बायका. पडल्या, पण घरी सांगितलं नाही.

“अडतीस?” ते म्हणाले. “आपल्या एका वॉर्डात?”

“बघा ना. आणि या फक्त न सांगणाऱ्या. हे कुणालाच माहीत नव्हतं, बाबा. दवाखान्याच्या कागदावर यातली एकही नाही.”

“हं.” त्यांचं बोट गल्लीगल्लीतून फिरलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्या गल्लीत थांबलं. मग खाली वॉर्डाच्या बेरजेवर आलं. त्यांचे ओठ हलले. ते पुन्हा पहिल्या गल्लीपासून सुरू झाले आणि पुन्हा बेरजेवर येऊन थांबले. मग त्यांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

“ताई पडली,” ते म्हणाले.

नवरा उठून बसला. “आत्या? कधी? कोणी सांगितलं?”

“हिनं.”

“मी?” सुनेच्या हातातली घडी तशीच राहिली. “मी काय सांगितलं?”

“नऊ, चौदा, आठ, सहा. झाले सदतीस. खाली बेरीज अडतीस. छापखान्याच्या गल्लीवर तू करडी चौकट ठेवलीस, पण खाली बेरीज उघडी ठेवलीस. उरला एक.” त्यांचा आवाज चढला नव्हता, तपासणीत मोठी चूक सापडली की तो असाच सपाट व्हायचा. “त्या गल्लीत पंचाहत्तरच्या पुढच्या बायका दोन. एक औषधवाल्याची आई, ती दोन वर्षं पलंगावरून उठलेली नाही, ती पडणार कुठून? दुसरी माझी बहीण.”

सुनेनं टॅबलेट उचलून पाहिला. पाहायची गरज नव्हती. बेरजेची ओळ गेल्या आठवड्यात आली होती. डॉक्टरबाई, म्हणजे खात्याच्या प्रमुख, म्हणाल्या होत्या की लोकांना बेरीज आवडते, खाली एक बेरीज टाक. तिनं टाकली होती. सगळ्या चौकटी आधीच तपासून झाल्या होत्या, त्यामुळे बेरीज आल्यावर पुन्हा तपासाव्यात हे तिच्या मनात आलं नव्हतं. खिडकी लावून घेतली होती आणि दार सताड उघडं होतं.

सासरे उभे राहिले. “गाडी काढ,” ते मुलाला म्हणाले. “आज संध्याकाळी ताई आणि तिचं सामान इथे. मी सहा वर्षं सांगतोय तिला. एकटी राहते, जिना चढते-उतरते, आणि पडली तर सांगतही नाही. आता पुरे झालं.”

“बाबा, थांबा,” सून म्हणाली.

“कशासाठी?”

“सेविकेनं आत्यांना सांगितलं होतं की हे घरच्यांनाही कळणार नाही. ते वाक्य मी लिहून दिलं होतं. त्याच्या भरवशावर त्या बोलल्या.”

“मग कळलं आता. नकाशा तू केलास, वजाबाकी मी केली.”

“तुम्हाला मी तपासायला दिला होता. तपासणीत जे सापडतं ते कुणाकडे जातं? ज्यानं तपासायला दिलं त्याच्याकडे. तुम्हीच सांगता ना, ऑफिसात सापडलेलं तुम्ही कधी घरी येऊन आईंनासुद्धा सांगितलं नाही म्हणून?”

हा घाव वर्मी बसला. नवरा सोफ्यावरून दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता.

“ते फायलींबद्दल होतं,” सासरे म्हणाले. “फाइल न्हाणीघरात घसरून पडत नाही. उद्या ताई तिथे पडून राहिली, तर तुझी गोपनीयता तिला उचलायला येणार आहे का?”

सून उठली. “नाही येणार,” ती म्हणाली. “म्हणूनच मी आत्ता त्यांच्याकडे जाते. चूक माझी आहे, तर आधी मी त्यांना सांगते. गोष्ट त्यांची आहे. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील. तोवर तुम्ही तोंडाला कुलूप लावा.”

“उद्या संध्याकाळपर्यंत,” सासरे म्हणाले. “त्यानंतर मी ऑडिटर नाही, भाऊ आहे.”

निघण्यापूर्वी तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला. आडपडदा न ठेवता जे झालं ते सांगितलं.

“मग बेरीज काढून टाक,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आली तशी गेली.”

“आता ते पुरणार नाही. वॉर्डाच्या बेरजा मागच्या पत्रकात छापून गेल्यात. ते पत्रक शेजारी ठेवून कुणीही हेच करू शकेल. मला एकेका ओळीत आणखी एक चौकट झाकावी लागेल.”

“चांगला आकडा असलेलीसुद्धा?”

“हो. एकाच चादरीखाली दोघं झोपली की पाय कुणाचे ते कळत नाही.”

“मंगळवारची सभा पुढे ढकलू का?”

“नको. उद्या दुपारपर्यंत होईल. झालं नाही, तर मीच तुम्हाला सांगेन की उघडू नका.”

आत्या छापखान्याच्या वर राहायच्या. छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण जिन्याच्या भिंतीला शाईचा वास अजून होता. आत्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. कानाला यंत्र लावून त्यांनी सगळ्या गावाचे फोन जोडून दिले होते, आणि गावातली निम्मी लग्नं, भांडणं आणि मृत्यू त्यांना घरच्यांच्या आधी कळले होते. त्यातला एक शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर आला नव्हता. त्यांना भेटायला जाणं म्हणजे तपासणीलाच जाणं. फक्त इथे कागद तपासत नसत, माणूस तपासत.

“रविवारची दुपार सोडून आलीस,” दार उघडत त्या म्हणाल्या. “म्हणजे कुणी गेलंय किंवा काहीतरी फुटलंय.”

“फुटलंय. माझ्याकडून.”

सुनेनं सगळं सांगितलं. करडी चौकट, बेरीज, वजाबाकी. ऐकून झाल्यावर आत्यांनी पदराचं टोक उगाच सरळ केलं.

“पडले,” त्या म्हणाल्या. “दोनदा. एकदा नळाशी, एकदा दाराच्या उंबऱ्यात. नळाशी पडले तेव्हा बराच वेळ उठता आलं नाही. तिथे बसून छताचे पोपडे मोजले.” त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. “त्या सेविकेला सांगितलं, कारण ती परकी होती आणि घाईत नव्हती. घरातल्या कुणाला सांगायचंच असतं, तर मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते बाई, मला फोन लावता येतो.”

“चूक माझी आहे, आत्या. तुम्ही म्हणत असाल तर तुमचं उत्तर मी पाहणीतूनच काढून टाकते. तुमचा हक्क आहे तो.”

“धाकट्याला कळलंय?”

“हो. पण उद्या संध्याकाळपर्यंत ते बोलणार नाहीत.”

“त्याच्या तोंडाला कुलूप?” आत्या पहिल्यांदा हसल्या. “कुठून आणलंस? माझ्या आईला जन्मभर मिळालं नाही.” मग हसू आलं तसं गेलं. “तो मला न्यायला येणार. बॅग घेऊन. तुमच्या घरात मला काही कमी पडणार नाही, ते मला ठाऊक आहे. खिडकीपाशी खाट, वेळेवर चहा, आणि मी उठले की तिघं एकदम विचारणार, कुठे निघालात? मला इथे राहायचं आहे. माझ्या दाराची कडी मी लावणार.”

“मला कळतंय ते.”

“दाखव बघू तुझा तो नकाशा.”

सुनेनं टॅबलेट पुढे केला. आत्यांची बोटं टेलिफोनच्या बटणांवर वाढलेली होती. त्या पडद्यावर दाबत नसत, टोचत असत. वर्तुळं फुगली, आकसली. अडतीसवर त्या थांबल्या. मग खालचा प्रश्न आला. का सांगितलं नाही? तिथे सगळी वर्तुळं लहानलहान होती. ‘विसरले’, ‘फारसं लागलं नाही’, ‘त्यांना काळजी नको’. एकच वर्तुळ इतकं मोठं होतं की ते पडद्याच्या कडेला टेकलं होतं. ‘घर सोडायला लावतील’.

आत्यांनी त्यावर दोनदा टोचलं, आकडा खरा आहे ना याची खात्री करावी तसं.

“या सगळ्या जणी?”

“सगळ्या.”

“मला वाटत होतं, मी एकटीच लबाड आहे.” त्यांनी टॅबलेट सुनेला परत दिला. “काढू नकोस माझं उत्तर. एक कमी झाली की तेवढीच ताकद कमी. पण झाकण नीट बसव. आणि धाकट्याला उद्या संध्याकाळी इकडे पाठव. त्याला तुझ्या नकाशातून कळलेलं मला चालणार नाही. माझ्या तोंडून कळलं पाहिजे.”

सोमवारी ऑफिसात सुनेनं दार लोटून घेतलं आणि सासऱ्यांनी जे दोन मिनिटांत केलं होतं ते यंत्राला करायला लावलं. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक वय, प्रत्येक गल्ली. बेरजेतून दिसणारे आकडे वजा कर आणि एकटं माणूस कुठे उरतं ते सांग. तिला दोनचार जागा निघतील असं वाटलं होतं. यंत्र थांबेना. मनाच्या दुखण्यावर गोळ्या घेणारा एक तरुण. नवरा मारतो का, या प्रश्नाला हो म्हणालेली एक बाई. दारू सोडायला मदत हवी असलेली एक आजी. प्रत्येकाच्या पुढे गल्लीचं नाव येत होतं. तिनं ती नावं वाचली नाहीत. पडद्याच्या त्या भागावर फाइल उभी करून ठेवली आणि काम चालू केलं. ऑडिटर घरात नसता, तर मंगळवारी हे सगळं सभागृहातल्या प्रत्येक फोनवर असतं.

दुपारपर्यंत एकेका झाकलेल्या चौकटीशेजारी आणखी एक चौकट करडी झाली. तिनं पुन्हा यंत्र चालवलं, मग स्वतः बसून हातानं फोडायचा प्रयत्न केला, जुनं पत्रक शेजारी ठेवून केला, आणि शेवटी डॉक्टरबाईंना बोलावून म्हणाली, “तुम्ही फोडा.”

डॉक्टरबाईंनी बराच वेळ खटपट केली. “नाही फुटत,” त्या म्हणाल्या. “पण करडं फार दिसतंय आता.”

“दिसू दे. लोकांनी विचारलं तर मी सांगेन का ते. पहिल्यांदा तेच सांगेन.”

“माझी बेरीज होती ती,” डॉक्टरबाई दारातून म्हणाल्या. “सभेत तेही सांग. उद्या उघडूया.”

संध्याकाळी सासरे आणि सून छापखान्याच्या वर पोचले. सासऱ्यांच्या हातात बॅग नव्हती, पण ती गाडीत होती, हे सुनेला माहीत होतं. जिना चढताना ते कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत आले.

“बस,” आत्या म्हणाल्या. “मी दोनदा पडले. तुला सांगितलं नाही. आता सांगितलं.”

सासऱ्यांनी काल दुपारपासून जे तोंडात धरून ठेवलं होतं ते एकदम सुटलं. हट्टीपणा, वय, जिना, शेजारी कुणी नाही, काय म्हणतील लोक. आत्यांनी सगळं ऐकलं, पूर्वी दूरचा फोन लागेपर्यंत ऐकायच्या तसं.

“झालं?”

“नाही झालं. फोन अवेळी वाजला की मी उचलायला घाबरतो, ताई. दर वेळी वाटतं, तुझ्याबद्दलच आहे.”

आत्यांनी सुनेकडे हात केला. सुनेनं टॅबलेट दिला. आत्यांनी तो भावाच्या मांडीवर ठेवला आणि त्या मोठ्या वर्तुळावर बोट टोचलं.

“वाच.”

त्यांनी वाचलं. ‘घर सोडायला लावतील’.

“या तुझ्यामाझ्यासारख्याच घरांतल्या,” आत्या म्हणाल्या. “भाऊ चांगले, मुलगे चांगले, जावई चांगले. सगळ्यांच्या गाडीत बॅग तयार.”

सासरे वर पाहायला लागले. गाडीतली बॅग तिला कशी कळली, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी खाली मान घालून सवयीनं वॉर्डाची बेरीज काढली, गल्ल्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“दोन गल्ल्या झाकल्यास,” ते सुनेला म्हणाले. “सात उरतात. दोन्हींत मिळून.”

“बरोबर.”

“कालचे आकडे ज्यानं पाहिले नाहीत, त्याला कुणाचे किती ते काही केल्या कळणार नाही.”

“तेच तर काम आहे, बाबा.”

“हं. समाधानकारक.” त्यांच्या तोंडून हा शेरा आजवर नोकरीत कुणी फारसा ऐकला नव्हता. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “मग तुझं म्हणणं काय?”

“माझं म्हणणं असं. एक किल्ली तुझ्याकडे. सकाळी उठले की तुला दोन रिंगा देऊन फोन ठेवीन. उचलायचा नाही, बोलायचं नाही. रिंगा नाही आल्या तर ये. बॅग न घेता ये. आणि नळाशी आणि उंबऱ्याशी हाताला धरायला काहीतरी बसव. कुठे पडले ते मी दाखवते.”

“आणि पुन्हा पडलीस तर?”

“तर तुला सांगेन. त्याच दिवशी.”

सासऱ्यांनी याची उलटतपासणी घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. “मान्य,” ते म्हणाले. “पण रिंगा तीन. दोन कुणाच्याही येतात.”

“तीन.”

मग दोघं न्हाणीघरात गेली. आत्या बसून दाखवत होत्या, हात कुठवर जातो, तोल कुठे जातो. सासरे भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करत होते, पुसत होते, पुन्हा करत होते. “इतकी वर नको, मला काय फळं तोडायची आहेत का तिथून?” आत्यांचा आवाज आला. मग, थोड्या वेळानं, वेगळ्या सुरात, “आणि काय रे, तुला नाही विचारलं का त्या सेविकेनं?”

“विचारलं.”

“मग?”

“मग काय? उत्तर दिलं.”

बाहेर सुनेच्या हातात टॅबलेट होता. तिच्या स्वतःच्या गल्लीतले पंचाहत्तरच्या पुढचे पुरुष दोन टोचण्यांवर होते. ती चौकट करडी असणार आणि तिच्या शेजारची पण करडी असणार. तिनं ती आज दुपारीच इतकी घट्ट लावली होती की तिच्याच्यानंही उघडली नसती. तिनं पडदा बंद केला.

सासरे हात झटकत बाहेर आले आणि चपला घालू लागले. “दुकान बंद व्हायच्या आत जाऊन येतो. स्टीलच्या दांड्या चार लागतील.”

“चार?” आतून आत्या म्हणाल्या. “इथे दोन पुरतात.”

“दोन इथे,” ते चपलेचा पट्टा लावत म्हणाले. “दोन आपल्याकडे.”

सून पुढे होऊन जिन्याचा दिवा लावून आली.